ओढीच्या दगडावरची चार पावलं

हा दगड बघा. चपला काढल्या नाहीत तरी चालेल, देव नाही हा, पण त्याच्यावर बसू मात्र नका. आमच्या वाडीत याला ओढीचा दगड म्हणतात. यात दोन मोठे खळगे आहेत, पुरुषाची पावलं बरोबर बसतील एवढे, आणि त्यांना खेटून दोन लहान. पाहुणे विचारतात, हे कोरले कुणी? कुणी कोरलेले नाहीत, पिढ्यान्‌पिढ्या उभं राहून झालेत. नवं धनुष्य झालं की ते करणारा या मोठ्या खळग्यांत उभा राहतो आणि पहिली ओढ स्वतः घेतो, दोरी पार गालाला लागेपर्यंत. त्याशिवाय धनुष्य दुसऱ्याच्या हाती जात नाही. लहान खळग्यांचं पुढे सांगतो.

फार मागची गोष्ट. किती मागची ते विचारू नका, माझ्या आजालाही ठाऊक नव्हतं. तेव्हा आमच्या या ठाकरवाडीत गोमा नावाचा माणूस होता. त्याच्यासारखी धनुष्यं करणारा या डोंगरात पुन्हा झाला नाही असं सांगतात. मी स्वतः चाळीस वर्षं हेच काम करतोय, त्यामुळे हे कबूल करायला मला जरा जड जातं. पण करतो.

आमचं धनुष्य दोन झाडांचं असतं. पोटाला, म्हणजे ओढणाऱ्याच्या बाजूला, धामणीचं लाकूड. पाठीला बांबूची लांब पट्टी. धामण दाब सोसते, बांबू ताण सोसतो. गोमा धामणीचा सोट वर्षभर सावलीत वाळवायचा. बांबू तीन पावसाळे खाल्लेला घ्यायचा, तोही अमावस्येच्या आसपास तोडलेला. कातडं उकळून केलेल्या सरसाने दोन्ही चिकटवायचे, वाखाच्या दोरीने या टोकापासून त्या टोकापर्यंत आवळायचे, दोरीखाली पाचरी ठोकायच्या आणि महिनाभर चुलीवरच्या माळ्यावर ठेवून द्यायचं. मग ते झाडाला टांगायचं, दोरी खाली ओढून बघायचं. जिथे वाकत नाही तिथलं लाकूड जरासं खरवडायचं आणि परत टांगायचं. गोमा एकेका धनुष्याला शंभर वेळा टांगायचा म्हणे. मी साठावर थकतो.

त्याची बायको वाळकी टोपल्या आणि सुपं विणायची. वाळकीचा भाऊ पदू वाडीचा राखणदार होता. उतारावरच्या वरईत आणि नाचणीत डुकरं शिरली की पदूच त्यांना सामोरा जायचा. या मेव्हण्यावर गोमाचा फार जीव. त्याच्यासाठी एक धनुष्य करायला घेतलं तेव्हा गोमाच्या मनात आलं, याच्यासारखं देखणं कुणाकडे नसावं. बांबूच्या पाठीवर ठिकठिकाणी गाठी असतात, हात फिरवला की बोटाला लागतात. गोमाने त्या तासून सपाट करायला सुरुवात केली.

वाळकी शेजारीच बांबू चिरत बसली होती. ती म्हणाली, "गाठ नको तासूस. बांबूचं धागं गाठीवरनं चढून जात्यात. ते तोडलंस तं तिथंच मोडंल."

"तू टोपली ईणतेस ना, तीच ईण," गोमा म्हणाला. "धनुष्य माझं काम हाय."

वाळकी पुन्हा बांबू चिरायला लागली. ते गप्प बसणं तिला पुढे फार लागलं.

धनुष्य झालं ते असं, की बघणाऱ्याने हातातून सोडू नये. पाण्यावरून हात फिरावा तसा त्याच्या पाठीवरून हात फिरायचा. पदू ते घेऊन वाडीभर मिरवला. चार दिवसांनी कळपातला थोरला डुक्कर वरईत शिरला. पदूने दोरी गालापर्यंत ओढली आणि धनुष्य काडकन मोडलं. वरचं टोक उलटून आलं आणि पदूचा डावा डोळा घेऊन गेलं.

गोमाने ते तुकडे उचलून पाहिले. तासलेल्या गाठीवरच मोडलं होतं. वाळकीने सांगितलं होतं, अगदी तिथे.

पुढची गत त्याहून वाईट झाली. वाडीतलं एकूणएक धनुष्य गोमाच्याच हातचं. आता ती ओढायची कुणाची छाती होईना. जो तो हात आखडून अर्धीच ओढ घ्यायचा, आणि अर्ध्या ओढीचा बाण लागून डुक्कर मरत नाही, नुसता चवताळतो. निम्मी वरई गेली. राहिलेली गेली तर घाट उतरून पोट भरायला बाहेर पडायचं, एवढंच उरलं होतं. म्हातारी माणसं गाडगी-मडकी बांधायलाही लागली होती असं सांगतात.

गोमाने सुकवून ठेवलेली धामण काढली. या वेळी बांबू वाळकीने निवडला. गोमाने एकाही गाठीला पातं लावलं नाही. धनुष्य झालं तेव्हा तो सगळ्यांना या दगडाशी घेऊन आला आणि म्हणाला, "आजपासनं माझं धनुष्य पयलं माझ्याच तोंडापुढं वाकंल. मोडायचं तं मलाच लागंल."

तो दगडावर चढला तशी माणसं भराभर मागे सरली. सरणारच, पदूचा चेहरा समोर होता. वाळकीने मात्र हातातली टोपली खाली ठेवली, वर चढली आणि नवऱ्याला खेटून उभी राहिली, त्याच्या गालाशी गाल लागेल अशी.

"बाजूला हो," गोमा म्हणाला.

"गाठी ठेव म्हणून मीच सांगितलं ना? मंग मोडलं तं मलाबी लागू दे."

गोमाने ओढ घेतली. लाकूड करकरलं. दोरी गालाला लागली, तरी त्याने सोडली नाही, दंड थरथरायला लागेपर्यंत धरून ठेवली. बांबूने सगळा ताण सोसला. मग पदू पुढे झाला. डोळ्याला अजून फडकं बांधलेलं होतं. त्याने गोमाच्या हातातून धनुष्य घेतलं आणि म्हणाला, "नेम धरताना डावा डोळा मिटावा लागायचा, तेवढं काम वाचलं." माणसं हसली, आणि गोमा इथेच दगडावर बसून लहान पोरासारखा रडला म्हणे. उरलेली वरई वाचली. वाडी इथेच राहिली, म्हणून मी तुम्हाला हे सांगू शकतोय.

आजही आम्ही गाठीला पातं लावत नाही. शिकार केव्हाच बंद झाली. आता धनुष्य लागतं लग्नात आणि नेमबाजीच्या शर्यतीत. मध्यंतरी शहरातला एक दुकानदार आला, म्हणाला, जरा गुळगुळीत करून द्या, शंभर नग घेतो. त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

माझ्या हनुवटीवरची ही खूण बघताय ना? बारा वर्षांपूर्वी सरस ओला राहिला होता, घाई केली मी. ते धनुष्य इथे मोडलं, माझ्या तोंडावर, घेणाऱ्याच्या नाही. या खुणेची मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती दुसऱ्या खुणेची. माझ्या बायकोच्या, हिरीच्या, कपाळावर आहे ती. वाळकीसारखीच तीही तेव्हा मला खेटून उभी होती, या लहान खळग्यांत.

हे नवं धनुष्य कालच उतरवलंय झाडावरून. तुम्ही आलाच आहात तर पहिली ओढ बघून जा. आणि ती बघा, खालून हिरी येतेय. तिला कुणी बोलावलेलं नाही, कधीच बोलवावं लागत नाही. आता जरा मागे सरा, पाहुणे. सगळेच सरा. ती नाही सरणार.