ठकूचं खिंडार

घाटमाथ्यावर किंजळवडे म्हणून गाव आहे. तीस-पस्तीस घरं, उतारावरची शेतं, आणि वर डोंगरभर रान. त्या गावात ठकू होऊन गेली. कधी, ते विचारू नका. फार वर्षांपूर्वी, एवढंच गाव सांगतं. तेव्हा घाटात बैलगाडीलासुद्धा वाट नव्हती, आणि माणसं कमी नि रानगवे जास्त होते.

ठकू वई घालायची. वई म्हणजे शेताभोवतीचं कुंपण. हे काम बाप्यांचं, पण तिच्या बापाला मुलगा नव्हता आणि अंगातली विद्या सोबत न्यायची त्याची तयारी नव्हती, म्हणून त्यानं कुऱ्हाड पोरीच्या हाती दिली. बाई उंच, हाडापेरानं दणकट, आणि आवाज असा की तिनं हाक मारली की पलीकडच्या डोंगरावरची गुरं माना वर करायची. तिचा नवरा लिंगू तिच्या खांद्याला लागायचा. तो मागून लाकडं वाहायचा, आणि वाहता वाहता कुरकुरायचा. ही जोडी बघून लोक हसायचे, पण पाठीमागं. ठकूच्या तोंडावर हसायची छाती कुणाला होती?

झाड तोडायच्या आधी ती कुऱ्हाड बुंध्याला टेकवून ठेवायची आणि खाली बसून भाकरी खायची. भाकरी संपेपर्यंत कुऱ्हाड उभी राहिली तर झाडाची ना नाही. घसरून पडली तर उठायचं आणि दुसरं झाड बघायचं. खांबाचं बूड ती आगीत काळं होईतो शेकायची, मग कमरेइतकं खोल पुरायची, आणि आडव्या बल्ल्या केवणीच्या सालीच्या दोरानं आवळायची. तिनं पुरलेल्या खांबाला वाळवी लागली नाही, असं म्हणतात. वाळवी यायची, वास घ्यायची आणि आल्या वाटेनं परत जायची.

तर झालं असं, की लागोपाठ दोन वर्षं गव्यांनी गावाची नाचणी फस्त केली. तेव्हा वई असायची ती बहुतेक काट्याकुट्यांची, लाकडाची परवडायची ती एखाद्यालाच. गव्याला काट्यांचं काय? तो खाज भागवल्यागत त्यातून चालत यायचा. तीन घरं चुली मोडून खाली कोकणात उतरली. तिसऱ्या वर्षी घरोघर शेवटचं मूठपसा बियाणं उरलं. राणबा तेव्हा गावाचा म्होरक्या होता. माणूस वाईट नव्हता, फक्त घाबरला की ओरडायचा. तो देवळापुढं म्हणाला की यंदा पीक गेलं तर दसऱ्याच्या आत सगळ्यांनीच गाव सोडायचं. बायका पदर तोंडाला लावून रडत होत्या.

तेव्हा ठकू उठली. आपण सगळ्या शेतांना मिळून लाकडाची एकच वई घालू, ती म्हणाली, आणि त्या वईतून एक गवा आत आला तर आधी मला गावाबाहेर काढा. लिंगूनं कपाळावर हात मारून घेतला.

वई पाऊण कोस लांब झाली. चैत्रात लाकूड पडायला लागलं. ऐन आणि किंजळ, सगळं गावच्या रानातलं, आणि तेही एका ठिकाणचं नाही, इथलं एक, तिथलं एक. पावसानं जमीन मऊ पडली तसे खांब पुरायला घेतले. चार बाप्ये मिळून एक खांब उभा करायचे, तेवढ्यात ठकू एकटी दोन उभे करायची. भर पावसात तिच्या अंगातून वाफा निघायच्या, असं म्हणतात. अख्खं गाव तिच्या हाताखाली राबलं. राणबासुद्धा राबला, ओरडत ओरडत.

भादव्यात नाचणीची कणसं भरली, आणि त्याच दिवसांत वई शेवटाला आली. शेवटची बल्ली बांधली त्या सकाळी धुकं असं दाट होतं की स्वतःचा हात दिसत नव्हता. ठकूनं चाचपडत गाठ मारली, राणबानं नारळ फोडला, आणि लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. गाव वाचलं, असं सगळ्यांना वाटलं.

दुपारच्या सुमाराला धुकं वर गेलं. शेताच्या मधोमध, राणबाच्याच नाचणीत, गव्याची मादी उभी होती. तिच्या पायाशी नुकतंच जन्मलेलं, अजून ओलं असलेलं वासरू होतं. वई पुरी होण्याआधीच ती विण्यासाठी कळपातून निघून आत आली असणार, आणि धुक्यात गावानं तिला कोंडून घातलं होतं. वर रानाच्या बाजूनं वईला लागून कळप उभा होता. मादी हंबरली. बाहेरून उत्तर आलं. मग कळपातल्या थोरल्या गव्यानं पुढं होऊन वईला कपाळ लावलं आणि रेटलं. खांब कण्हले, पण पडले नाहीत. तो पुन्हा रेटू लागला.

लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. कुणी म्हणालं, भाले आणा, वासरू मारलं की कळप निघून जाईल. कुणी ढोल आणायला धावलं. ठकूनं कुऱ्हाड उचलली आणि ती वरच्या अंगाला निघाली, तेव्हा राणबा तिच्या आडवा आला. या खेपेला तो ओरडला नाही.

"ठकू, वई उघडलीस तर गाव उठलं म्हणून समज."

"कोंडलं म्या," ठकू म्हणाली, "आता सोडणार बी म्याच."

तिला भीती वाटत होती. हे सांगायलाच हवं, नाहीतर लोकांना वाटतं की अशा माणसांना भीती नसते. आतली आई तशीच ठेवली तर वई मोडेल, वई उघडली तर कळप आत घुसेल, आणि दोन्हींकडून गाव तिच्याच माथी होतं. लिंगू तिच्या जवळ गेला. आयुष्यात पहिल्यांदा तो कुरकुरला नाही.

"तिच्या मागनं मी येतो हाकत," तो म्हणाला. "तू फकस्त हलू नगंस."

थोरला गवा रेटत होता तिथून दहा पावलांवर ठकूनं दोर तोडले, बल्ल्या उतरवल्या आणि मधल्या खांबाला मिठी मारून तो उपटून काढला. एवढं खिंडार पडलं. अर्धं तिनं मादीसाठी मोकळं सोडलं. अर्ध्यात, काढलेल्या खांबाच्या जागी, कळपाकडं तोंड करून ती स्वतः उभी राहिली. कुऱ्हाड तिनं लांब ठेवली होती.

थोरला गवा तिच्यासमोर आला. त्याचा श्वास तिच्या तोंडावर येत होता, एवढा जवळ. त्याच्या मागं अख्खा कळप, आणि कळपाच्या नाकाला भरल्या नाचणीचा वास. ठकू हलली नाही. पापणीसुद्धा हलली नाही, असं म्हणतात. मागून लिंगू, एवढासा माणूस, मोकळ्या हातांनी, त्या मादीच्या मागं हळूहळू चालत होता आणि घरच्या म्हशीशी बोलावं तसं तिच्याशी बोलत होता. वासरू पडायचं, उठायचं. खिंडारापाशी आल्यावर ते थकून ठकूच्या पायांना टेकून उभं राहिलं. मादी थांबली. तिनं ठकूला डोक्यापासून पायापर्यंत हुंगलं. मग ती वासराला ढुशी देत बाहेर पडली.

थोरल्या गव्यानं आणखी थोडा वेळ ठकूकडं पाहिलं आणि तो वळला. त्याच्यामागं कळप वळला. एकाचाही खूर आत पडला नाही.

लोक धावत आले तरी ठकू तशीच उभी. काही म्हणतात, ती तिथंच लाकूड झाली. पण जुनी माणसं सांगतात की तिचे पाय घोट्याच्या वरपर्यंत चिखलात रुतले होते, लिंगूनं ते हातांनी उकरून काढले आणि घरी जाईपर्यंत तो पुन्हा कुरकुरत होता. हेच खरं असावं. त्या वर्षी गावात नाचणी मावली नाही. तुडवली गेली ती फक्त राणबाची, आणि ते तो मरेपर्यंत सांगत राहिला.

ठकूनं पुढं पुष्कळ वया घातल्या. पण शेवटची बल्ली बांधायच्या आधी ती खिंडारात उभी राहायची आणि त्या आवाजात आत हाक मारायची. धुकं असलं तर ते जाईपर्यंत थांबायची. कितीही वेळ लागला तरी.

किंजळवडे अजून तसंच करतं. आता वईला तार आली, सिमेंटचे खांब आले. तरी भादव्यात वरच्या अंगाचं खिंडार बुजवायच्या आधी गावातली एक बाई खांबाच्या जागी उभी राहते. सगळं गाव गप्प होतं. ती तीनदा हाक मारते, "आत कोण ऱ्हायलंय का?" आणि उत्तर येणार नाही हे ठाऊक असूनही सगळे कान देऊन थांबतात.