ओल्या हाताचं मागणं

"या नदीतला एकही मासा माझ्या हातून सुटलेला नाही," टोपल्या विणणारा धाकूआजा छाती फुगवून म्हणायचा. नातीने भुवई उंचावली की मिशीतल्या मिशीत हसायचा, "आधी हाती लागला तर सुटेल ना, सोनके."

रानाच्या पार पोटात, माणसांची वाट संपते तिथे, नदीकाठी या दोघांची चिमुकली झोपडी होती. पण आज्याचा पाय मोडला, टोपल्या बाजाराला जाईनात, आणि मडक्यातला तांदूळ संपला. मग उपाशीपोटीच सोनकीने आज्याचा गळ उचलला, काखेत टोपली मारली.

"मासा लागला तर माझा नमस्कार सांग," आजा खाटेवरून म्हणाला. "आणि पोटात अंडी असली तर सोडायचा बरं का. हात भिजवून धर. कोरड्या हाताचा माशाला चटका बसतो."

हिरव्यागार डोहात गळ पडला. दोरी ताणली, आणि वर आली एक सोनसळी मासोळी. पाठीवर माणकांचे ठिपके, पोट अंड्यांनी टम्म. सोनकीच्या पोटात भूक गुरगुरली. तिने क्षणभर डोळे मिटले. मग हात पाण्यात बुडवला, अलगद गळ काढला आणि मासोळी सोडून दिली. आज्याचा नमस्कारही सांगितला.

डोहातून चांदीचे तुषार उडाले. इवल्या निळ्या पंखांची परी लव्हाळ्याच्या पात्यावर येऊन बसली.

"किती मऊ धरलंस गं माझ्या मासोळीला. एक इच्छा माग. पण हात ओला आहे तोवरच. आणि पुन्हा बुडवायचा नाही."

वारा टपलेलाच होता. सोनकीची इवली इवली बोटं भराभर वाळू लागली. भात मागू? गूळ मागू? करंगळीवर एकच थेंब लुकलुकत उरला.

"आज्याचा पाय बरा कर," सोनकी म्हणाली. "भाताचं आम्ही बघू."

"मागितलेलं झालं," परी हसली. "आता न मागितलेलं घे." तिने टोपलीला नुसता पंख लावला, आणि टोपली मोत्यांसारख्या तांदळाने काठोकाठ भरली, कधीच रिकामी न होण्यासाठी.

इतक्यात आजा उड्या मारतच काठावर आला. परी दिसताच त्याने मिशी सारखी केली.

"परीबाई, माझीही एक इच्छा पुरवा की. जन्मभर या नदीत मासे धरतोय मी."

परी सोनेरी उजेडात विरघळू लागली होती. जाता जाता तिने त्याचे दोन्ही तळवे निरखून पाहिले.

"धरताय होय, आजोबा? मग हात एवढे कोरडे कसे?"