आसरांच्या तळ्यावरची धुरी

करंजवाडीच्या वरच्या माळावर एक तळे आहे. वैशाखात गावातल्या विहिरींचा तळ खरवडायची वेळ येते, तेव्हाही या तळ्यात कमरेइतके पाणी असते. काठावर शेंदूर लावलेले सात दगड आहेत, त्या साती आसरा, पाण्यातल्या देवता. हल्ली उन्हाळ्याच्या सुट्टीत शहरातली मंडळी तिथे तंबू ठोकून राहायला येतात. कुणाला तारे बघायचे असतात, कुणाला काजवे. हाताला मलम, कपड्यांवर फवारा, मनगटात वासाचे कडे, असा सगळा सरंजाम बरोबर असतो. पण दिवे लागायच्या सुमाराला तळ्यावरून डास उठले की अर्ध्या तासात ही मंडळी स्वतःलाच चापट्या मारत बसतात. मग गावातले कुणीतरी खापरात गोवरीचे निखारे घालते, वर निरगुडीचा ओला पाला टाकते आणि पाहुण्यांना धुरात बसवते.

गावातले सगळेच धुरात बसतात. फक्त सगळ्यांत म्हातारा माणूस बाहेर, धूर आणि तळे यांच्या मध्ये, पाण्याकडे पाठ करून बसतो. सध्या हा मान गोमाजीबाबांचा आहे. परवा एका पाहुणीला राहवेना. तिने विचारले, "बाबा, तुम्हाला डास चावत नाहीत का?"

"चावत्यात की," गोमाजीबाबा म्हणाले. "म्या काय दगडाचा हाय?"

मग असे बाहेर का बसता, हा प्रश्न आलाच. त्यावर बाबा जी हकिगत सांगतात ती अशी.

फार जुनी गोष्ट आहे. गोमाजीबाबांच्या आज्याच्या आज्यालाही तिचे साल सांगता आले नसते. करंजवाडीत ठकू नावाची एक सून होती. नवरा भागा, गरीब स्वभावाचा, बापाच्या शब्दाबाहेर न जाणारा. बाप म्हणजे भिवा भगत. देवाधर्माच्या बाबतीत भिवाला विचारल्याशिवाय गावात पान हलत नसे. माणूस कडक होता, पण मनाचा वाईट नव्हता, असे सांगतात.

गावाचा सगळा संसार हिरड्यावर चाले. कोवळी फळे, म्हणजे बाळहिरडा, वैशाखात झाडावरून उतरवायची आणि तळ्याकाठच्या कातळावर वाळवायची. खाली पाणीही नसे. त्यामुळे पंधरा-वीस दिवस सगळे गाव पोराबाळांसकट माळावर येऊन राही. वानरांपासून हिरडा राखायचा म्हणून खोपी तळ्याला लागूनच घालत. मात्र तळ्याकाठी विस्तव पेटवायला बंदी होती. आसरांना धूर खपत नाही, पाण्यावर धूर गेला तर त्या रुसून निघून जातील आणि तळे आटेल, असे वाडवडिलांपासून चालत आलेले होते. चूलसुद्धा खिंडीपलीकडे पेटवायची आणि भाकऱ्या टोपलीत घालून इकडे आणायच्या. गुरेही खिंडीपलीकडेच असत. तिथे बिबट्याची ये-जा होती, म्हणून दोन गडी कुऱ्हाडी घेऊन गुरांपाशी जागत.

माळावरून गाव खाली उतरले की आठ-पंधरा दिवसांत थंडीताप यायचा. मोठी माणसे कशीबशी तरून जायची, लहान मुले जायची. आसरांचा कोप झाला, असे सगळे म्हणत. कुणीतरी काठावर चिलीम ओढली असणार, कुणाच्या तरी कपड्याला चुलीचा धूर लागला असणार, अशी भिवा भगताची खात्री होई. मग पुढच्या वर्षी चूल आणखी लांब न्यायची. अशी दरवर्षी चूल लांब जात राहिली आणि दरवर्षी ताप येत राहिला.

ठकूचे दोन मुलगे असेच गेले होते. एक रांगत होता, दुसऱ्याला चार दात आले होते. तिसरी येसू. तिचे पहिले तीन उन्हाळे ठकूने माहेरी जाऊन काढले. चौथ्या वर्षी माहेरची विहीरही आटली आणि येसूला माळावर नेण्यावाचून इलाज उरला नाही. गाव निघायच्या आदल्या दिवशी ठकू पोरीला मांडीवर घेऊन बसली ती उठेचना. सासूने दोनदा हाक मारली, तरी तिला ऐकू आली नाही.

त्याआधी फाल्गुनात एक लहानशी गोष्ट घडली होती. येसू खेळता खेळता गोठ्यात कडब्यावर झोपून गेली आणि ठकूने तिला तिथेच निजू दिले. गोठ्यात रोज संध्याकाळी निरगुडीची धुरी असायची. धुरी नसली तर गुरे डासांनी हैराण होऊन रात्रभर पाय आपटतात आणि सकाळी दूध देत नाहीत, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. सकाळी ठकूने लेकीला उचलले तेव्हा तिच्या अंगावर डास चावल्याची एकही गांधी नव्हती. अंगणात झोपलेल्या ठकूचे स्वतःचे हात मात्र सुजले होते. ताप कशाने येतो हे तिला कुणी सांगितले नव्हते आणि तिनेही ते आपल्याला कळल्याचा आव आणला नाही. तिच्या ध्यानात एवढेच आले की तिचे दोन्ही मुलगे माळावर रात्र रात्र अंग खाजवत रडत होते, आणि आपण गुराला धुरी देतो पण लेकराला देत नाही.

माळावर जाताना तिने भाकरीच्या टोपलीत तळाशी गोवऱ्या घातल्या. वर फडके, त्यावर भाकऱ्या. निरगुडी वाटेवर हवी तेवढी होती.

पहिले दोन दिवस तिचा धीर झाला नाही. संध्याकाळ झाली की तळ्यावरून डास उठत. ठकू येसूला घोंगडीत गुंडाळी आणि वैशाखाच्या उकाड्यात पोर ती भिरकावून देई. दुसऱ्या रात्री येसू झोपेतच कण्हत होती आणि तिच्या पोटऱ्या खाजवून रक्ताळल्या होत्या. ठकू उजाडेपर्यंत पदराने वारा घालत बसली. थोरल्या मुलाच्या वेळीही ती अशीच बसली होती. ते आठवले तेव्हा तिची भीती गेली, म्हणजे एका भीतीपुढे दुसरी लहान झाली.

तिसऱ्या दिवशी सूर्य टेकताना तिने खिंडीपलीकडून खापरात निखारे आणले, खोपीपुढे गोवरी पेटवली आणि वर पाला टाकला. पांढरा धूर उठला तशी सगळ्या खोपींतून माणसे बाहेर आली. भागाने फक्त डोक्याला हात लावला. भिवा भगत काठी टेकत आला.

"ठकू, इझव त्ये."

"न्हाय इझवनार, मामंजी."

सासऱ्याला उलटे बोलण्याची तिची ती पहिली वेळ. भिवाला राग येण्याआधी नवल वाटले असेल.

"धूर पान्यावर गेला तर तळं आटंल," तो म्हणाला. "साऱ्या गावाच्या तोंडचं पानी हाय त्ये, पोरी. तुझ्या एका लेकरासाठी गाव मारतीस व्हय?"

"गुरांना धुरी दिल्याबिगर तुमी भाकरीला हात लावत न्हाई. माझ्या दोन लेकरांना कुनी धुरी दिली?"

ती दोघे त्याचीही नातवंडे होती, त्याने स्वतःच्या हाताने पुरलेली.

मग ठकू उठली, सात दगडांपुढे गेली आणि हात जोडले. ती म्हणाली, असे सांगतात: "बायांनो, तुमाला धूर सोसत न्हाई. माझ्या लेकीला डास सोसत न्हाईत. म्या मधी बसते. तुमच्या पान्याला धूर लागू देनार न्हाई, ह्यो माझा शबुद. चुकले तर मला न्या, पोरीला हात लावू नका."

आणि ती धूर आणि पाणी यांच्या मध्ये, पाण्याकडे पाठ करून बसली. धुराचा लोट तळ्याकडे वळला की ती पदर झटकून त्याला परत लोटी. येसू धुरात बसून खोकली, डोळे चोळले, आणि थोड्या वेळाने आईच्या गोधडीवर आडवी होऊन गाढ झोपली. ठकू बाहेर होती. दोन रात्री पोरीला चावलेले सगळे डास आता तिच्याकडे आले. दोन्ही हात पदर झटकण्यात गुंतलेले, त्यामुळे तिला एकही मारता येईना.

पहिल्या संध्याकाळी बाकीचे लोक लांब उभे राहिले. दुसऱ्या संध्याकाळी शेजारच्या खोपीतली एक बाई आपले तान्हे घेऊन धुराच्या कडेला टेकली. मग दुसरी आली, मग जावा, नणंदा, सगळ्याच आल्या. चौथ्या-पाचव्या दिवशी ठकूला तीन खापरे पेटवावी लागली आणि आख्ख्या गावाची पोरे धुरात दाटीवाटीने झोपू लागली. गोवऱ्या आणायला भागाही जाऊ लागला. ठकूच्या जागी बसायचे मात्र कुणाच्या मनात आले नाही. शब्द तिने दिला होता, तेव्हा बसायचेही तिनेच, असे सगळ्यांना वाटले. आपल्याकडे असेच असते. एकदा एखादीने ओझे उचलले की ते तिचेच होऊन बसते.

भिवा भगत रोज संध्याकाळी सात दगडांपाशी उभा राही. पाणी किती उतरले ते तो काठीने मोजत होता. पाणी उतरत नव्हते. त्याला दिसत होते ते सुनेचे हात. कोपरापासून मनगटापर्यंत तसूभर जागा मोकळी नव्हती.

उतरायला तीन दिवस राहिले असताना ठकूला हुडहुडी भरली. वैशाखात, सगळ्यांच्या अंगाला घामाच्या धारा लागलेल्या असताना, तिचे दात वाजू लागले. दिवसभर ती खोपीत पडून राहिली. संध्याकाळी भागा म्हणाला, "आज ऱ्हाऊ दे." ती म्हणाली, "आज ऱ्हायलं तर डास बी ऱ्हातील व्हय?" आणि जाऊन जागेवर बसली.

थोडा वेळ पदर हलला. मग तिचा हात खाली आला. ठकूला तो उचलायचा होता, पण हात कुणा दुसऱ्याचाच असल्यासारखा मांडीवर पडून राहिला. समोरून धूर सरकत येताना तिला दिसला. तो तिच्या खांद्यावरून गेला. आपला शब्द गेला, एवढेच तिच्या मनात आले, आणि येसूला हाक मारावी म्हणून तिने तोंड उघडले.

तेवढ्यात तिच्या पाठीला गार वारे लागले. वारे तळ्यावरून येत होते, ओल्या शेवाळाच्या वासाचे. माळावर उन्हाळ्यात संध्याकाळचा वारा तोवर नेहमी खिंडीतून तळ्याकडे वाहत असे. त्या दिवशी तो उलटा फिरला. पाण्याजवळ पोचलेला धूर वाकला, मागे वळला आणि निजलेल्या पोरांवर जाऊन पसरला. ठकूने मागे पाहिले नाही, तिच्यात तेवढे त्राण नव्हते. पाहिले ते भिवा भगताने. तळ्याच्या मधोमध लाटा उठून काठाकडे येत होत्या, पाण्यात उभ्या राहून बायकांनी एकदम पदर झटकावे तशा. किती बायका होत्या, असे लोकांनी त्याला जन्मभर विचारले. त्याने आकडा कधी सांगितला नाही. "म्या जल्मभर त्यांच्या वतीनं बोललो," एवढेच तो म्हणे, "त्यांना कंदी इचारलं न्हाई."

ठकूला त्या रात्री खाटेवर घालून खाली आणले. ताप यायचा, उतरायचा, एक दिवसाआड पुन्हा यायचा. सगळा पावसाळा तिने अंथरुणावर काढला. तिची आशा दोनदा सोडली होती, म्हणे. पण त्या साली गावात एकही पोर दगावले नाही. येसूला साधे पडसेही झाले नाही. ती दिवसभर आईच्या उशाशी बसून गावभरच्या चहाड्या तिला सांगायची. ठकू जगली ती त्या चहाड्यांवर, असे गोमाजीबाबा सांगतात, आणि हे सांगताना दरवेळी हसतात.

पुढच्या वैशाखात गाव पुन्हा माळावर आले. ठकू काठीसारखी वाळली होती. संध्याकाळी खापरे पेटली. वारे तळ्यावरून काठाकडेच येत होते, तरी ती सवयीने पाण्याकडे जायला निघाली. तिच्या जागेवर भिवा भगत आधीच बसला होता. पटका सोडून हातात घेतलेला, पाण्याकडे पाठ.

ठकू गोंधळली. "मामंजी, आता वारं आपसूक फिरतंय. मधी बसायची गरज न्हाई."

"आसरांनी त्यांचं काम केलं," भिवा म्हणाला. "आपला शबुद कुनी पाळायचा?"

"मग म्या बसते की."

म्हाताऱ्याने सात दगडांकडे बोट दाखवले. म्हणाला, "गेल्या साली तू हितं बसलीस आन् म्या तिथं उभा ऱ्हाऊन पानी मोजलं. यंदा तू आत बस."

ठकू धुरात जाऊन येसूशेजारी बसली. तिच्या डोळ्यांना पाणी आले. धुरात बसलेल्या सगळ्यांच्याच डोळ्यांना येते, त्यामुळे तिला कुणी काही विचारले नाही. येसूने मात्र डासांच्या गांधींवर लावायला आणलेली तेलाची वाटी उचलली, उठून आज्याजवळ गेली आणि त्याच्या दोन्ही हातांना करंजाचे तेल चोळू लागली. भिवा भगताने पोरीपुढे हात धरले आणि मान खाली घातली.

तेव्हापासून तळ्यावरचे वारे उन्हाळ्यात संध्याकाळी काठाकडे वाहते, असे सांगतात. आजही वैशाखात खापर पेटले की धुरातली पहिली जागा गावातल्या सुनांची असते, आणि त्या बसल्याखेरीज म्हातारा पाण्याकडे पाठ करत नाही.