काजळी म्हशीचा हक्काचा आठवडा

धामणखेडच्या राजानं गवळ्यांचं कुरण तिलोकशेठला द्यायचं ठरवलं, आणि तेही कशासाठी? तर वर्षातला एक आठवडा गार वारा खायला!

झालं होतं असं. तिलोकशेठनं डोंगरमाथ्यावर एक महाल बांधला होता. सबंध महाल तो कुणाला विकायचा नाही, एकेक आठवडा विकायचा. राजाला म्हणाला, "महाराज, दरवर्षी आठवडाभर महाल तुमचा! तुमच्यामागं युवराजांचा, मग नातवाचा! खाली ऊन भाजतंय आणि तुम्ही वर गच्चीत शाल पांघरून बसलाय, आणा जरा डोळ्यांपुढं!"

राजा रायाजीराव आधीच उकाड्यानं कावलेला. त्याला बसल्या जागी थंडी वाजायला लागली. शेठनं अटी भराभर सांगितल्या. शाल कुठली न्यावी या विचारात राजानं त्या अर्ध्याच ऐकल्या. बदल्यात शेठला हवं होतं नदीकाठचं कुरण.

आता, गावाच्या साऱ्या म्हशी त्याच कुरणावर जगायच्या. कुरण गेलं की म्हशी विकायच्या आणि गवळ्यांनी गाव सोडायचं, दुसरं काय? प्रधानजी समजवायला गेले, तर राजा कडाडला, "महालाविरुद्ध जो बोलेल, त्यानं चंबूगबाळं आवरायचं!"

झालं. प्रधानजी आल्या पावली माघारी फिरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजा कुरणात आला. तिथली रीत अशी, की जमिनीतलं ढेकूळ उचलून घेणाऱ्याच्या हातावर ठेवलं की व्यवहार पुरा. राजानं ढेकूळ उचललं, शेठनं ओंजळ पुढं केली, तेवढ्यात गर्दीतून वाट काढत सगुणाबाई आली. राजवाड्यावर दुधाचा रतीब घालणारी गवळण ही; काल दूध घालताना शेठच्या साऱ्या अटी तिच्या कानावर पडलेल्या. मागं दोरीला काजळी म्हैस.

"सरकार, ढेकूळ घटकाभर हातातच असू द्या."

"महालाविरुद्ध बोलायला आलीस?"

"छे हो! मी तो पाहिलासुद्धा नाही. कुरण वाचेल कसं, एवढंच विचारते."

राजा हट्टी, पण रागाच्या भरातही गंमत करणारा. म्हणाला, "वाचेल की! महालाबद्दल, शेठबद्दल एकही वाकडा शब्द न बोलता माझ्या तोंडून 'नको' म्हणवून घे. नाही जमलं, तर सगळ्यांत आधी तुझी म्हैस वेशीबाहेर!"

गवळ्यांनी कपाळाला हात लावला. वाकडं न बोलता नको कसं म्हणवायचं?

सगुणाबाई मात्र काजळीची पाठ खाजवत म्हणाली, "कबूल. बरं सरकार, खरवस आवडतो ना अजून?"

खरवसाचं नाव काढताच राजाच्या तोंडाला पाणी सुटलं. "आवडतो म्हणजे!"

"मग काजळीत भागी घ्या. दरवर्षी एक आठवडा म्हैस तुमची. त्या आठवड्यातला थेंब न् थेंब तुमचा. तुमच्यामागं युवराजांचा!"

"वा! घेतली!"

"थांबा, अटी ऐका. चारा, पेंड, गोठ्याची डागडुजी, सगळं बाराही महिने तुमच्याकडं. काय शेठजी, रास्त आहे ना?"

शेठ दचकला. नाही म्हणावं तर स्वतःच्याच अटीला नाही म्हटल्यासारखं! "र... रास्तच आहे."

"एखाद्या साली सरकारांना यायला जमलं नाही, तरी चारा द्यायचाच. रास्त ना, शेठजी?"

"रास्त," शेठ पुटपुटला.

राजाच्या कपाळाला आठी पडली. "पण आठवडा कुठला?"

"चिठ्ठी निघेल तो."

"आणि त्या आठवड्यात म्हैस भाकड असली तर?"

"तर तिच्याजवळ बसावं, सरकार. डबक्याकाठी वारा गार असतो!"

गर्दीत खसखस पिकली. राजाचा आवाज चढला. "अगं, पण व्यायल्यानंतरचा आठवडा? खरवसाचा?"

"तो होय? तो मालकिणीसाठी राखीव!"

"मला कंटाळा आला तर भागी परत घेशील?"

"परत? गिऱ्हाईक तुमचं तुम्ही शोधायचं. नाही मिळालं तर चारा युवराजांनी घालायचा, मग नातवांनी. शेठजी, सांगा की सरकारांना, रास्त आहे म्हणून!"



"अगं, चारा मी घालायचा, खरवस तू खायचा, आणि मी भाकड म्हशीजवळ वारा खात बसायचं?" राजा ओरडला. "नको! नको मला असली भागी!"

सगुणाबाईनं पदर सावरून हात जोडले. "सरकार 'नको' म्हणाले. सगळ्यांनी ऐकलं."

काल अर्ध्याच ऐकलेल्या महालाच्या अटी राजाला आता आठवल्या. मग हळूच शेठकडं वळला. "शेठ, माझा आठवडा कधीचा निघालाय?"

"आषाढातला, महाराज. पाऊस थोडा... म्हणजे धुकंही... पण जळवा फक्त पायवाटेवरच!"

"आणि वैशाखातले?"

"ते... मालकासाठी राखीव."

राजानं ढेकूळ जिथलं तिथं ठेवलं आणि असा हसला, असा हसला, की काजळीनं कान टवकारले. "शेठ, सगुणाबाईच्या अटी तुम्हाला रास्त वाटल्या ना? मग काजळीत भागी तुम्हीच घ्या! आजपासून चारा तुमचा!"

शेठनं मान खाली घातली. घेतली बिचाऱ्यानं भागी!

"आणि बाई, तू बक्षीस माग. काय हवं?"

"कुरणच द्या, सरकार. साऱ्या गवळ्यांना, बाराही महिने. चिठ्ठीनं निघेल तो आठवडा नको!"

"दिलं!" राजा डोळे पुसत म्हणाला. "आणि खरवस?"

"काजळी व्यायली की चरवी भरून पोचता करते, सरकार. चारा शेठजींचा असणार, चव बघा कशी येते ती!"