महाराज, जरा लवकर आलात!

मला सांगा, विश्वास कुणावर ठेवाल? पंचवीस वर्षं तराजू धरलेल्या माझ्यासारख्या शेठवर, की मुदपाकखान्यात भांडी घासणाऱ्या बाईवर? थांबा, घाई नको! आधी माझी फजिती ऐका.

बोरगडच्या भर दरबारात मी फुशारकी मारली, "महाराज, या रेवणशेठला खपवता येणार नाही अशी वस्तू अजून जन्माला यायची आहे!"

महाराज पक्के हट्टी. मिशी पिळत म्हणाले, "असं? मग आमच्या मुदपाकखान्याचा कचरा खपव. रोजच्या दहा टोपल्या सालं-देठं. वाड्याबाहेर न्यायची नाहीत, जाळायची नाहीत, गुरांना घालायची नाहीत. पोळ्याला आम्ही येऊ. एक साल दिसलं, तर दुकानाला कुलूप आणि जन्मभर इथली भांडी घासायची!"

नुकताच पाडवा झाला होता. पाच महिने हाताशी! मी मोठमोठे रांजण आणले, सालं दाबून भरली, तोंडं फडक्यानं बांधून शेणामातीनं लिंपली. आमच्या घरची लोणची अशीच राहतात. अक्कल म्हणजे अक्कल!

पंधराव्या दिवशी एक रांजण फुटला. पहारेकरी पागोट्याचा शेव नाकाला लावून पळाले. भांडी घासणारी गोजरा हाताची राख झटकत आली.

"शेठ, कचरा संपवायचाय की मुरवायचाय?"

"तुला काय कळतं गं यातलं?"

"वास कळतो की! अहो, त्याला श्वास घेऊ द्या. रांजणांना भोकं पाडा. एक टोपली ओल्यावर दोन टोपल्या सुका पाला. अधूनमधून आंबट ताक शिंपडा, आठवड्याला खालीवर करा."

"कचऱ्याला ताक? मला घरी मिळत नाही!"

"तुम्ही काही पिकवत नाही, म्हणून मिळत नसेल."

भोकं पाडली. पाला मीच आणू लागलो. पण हाताची सवय जाते होय? टोपली वरून शिगोशीग, तळाशी पोकळ! दुकानात यावरच माझे दोन मजले चढलेत. आठ दिवसांत पुन्हा तीच घाण, वर अळ्यांची जत्रा.

गोजरानं माझ्या टोपलीत कोपरापर्यंत हात घातला. "अगंबाई! शेठ, इथं गिऱ्हाईक कोण? माप कुणाचं मारताय? माझ्याशेजारी घासायला बसायची हौस आहे का?"

त्या दिवसापासून टोपल्या तिनं भरल्या, मी नुसत्या वाहिल्या. आषाढात रांजण उपडे केले, तर काळंभोर, भुसभुशीत खत! वास नांगरलेल्या रानाचा. गोजरानं ते मागच्या परसात पसरलं आणि अंबाडी पेरली.

महाराज मात्र पोळ्याच्या आदल्याच दिवशी हजर! "कचरा कुठाय?"

"कालच तर आपण जेवलात, महाराज," गोजरा म्हणाली. "चैत्रात टाकलेली दुधीची सालं! अंबाडीची भाजी दोनदा मागून घेतलीत."

महाराज चपापले. पण हट्ट तो हट्ट! शेवटच्या रांजणात त्यांनी काठी खुपसली, पाला उसकटला आणि दोडक्याचं हिरवंगार साल वर काढलं. "सापडलं! शेठ, बस भांडी घासायला!"

गोजरानं पदर खोचला.

"महाराज, ते साल नाही, पुढची भाजी आहे. आपण जरा लवकर आलात! मुदपाकखान्यात वेळेआधी डोकावलं, की सगळं कच्चंच दिसतं!"

महाराज काठीसकट हसत सुटले. "जिंकलीस! आजपासून राजबाग तुझ्या हुकमात, आणि बागेतलं घरही तुझं!"

"मग भांडी कोण घासणार?" आचाऱ्यानं विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"नको नको," महाराज डोळे पुसत म्हणाले, "हा राखेतही काटकसर करेल. याला पाला वाहू दे. टोपली मात्र गोजरानं तपासायची!"

अजून तपासते हो! तेव्हा मंडळी, घरी खत घालाल तेव्हा मला पोट धरून हसा. पण एक ओली, दोन सुक्या, एवढा हिशेब तेवढा खरा ठेवा.