मिटलेला कोट

एका राज्यात भद्रसेन नावाचा राजा होता. खजिना अफाट, आणि झोप म्हणाल तर औषधालासुद्धा नाही. चोराचं भय, दुसरं काय!

त्याच राज्यात येसूआई कोट काढायची, म्हणजे किल्ल्याच्या तटासारखी फेऱ्याफेऱ्यांची आकृती. बाळंतपणात बाई अडली की येसूआईला बोलावणं यायचं. काशाच्या ताटात ती केशराने आधी एक उभी रेघ ओढी, तिला छेदून एक आडवी. चार कोपऱ्यांत चार कोन, कोनांच्या पोटात चार ठिपके. मग डावीकडचं टोक उजवीकडच्या टोकाला कमानीने जोडत जायचं. प्रत्येक कमान आधीच्या कमानीला पोटात घेई, आणि सात फेरे आपोआप पडत. खाली तोंड उघडं राही. ते ताट धुऊन पाणी बाईला पाजलं की बाळाला वाट सापडे.

राजाने तिला बोलावलं. "खजिन्याभोवती असा कोट चुन्याने आख. गवंडी त्यावर भिंती चढवतील. तोंड मात्र मिटव."

"महाराज, तोंड मिटवू नये. बाळं अडतात."

राजाने सोन्याच्या पाटल्या पुढे ठेवल्या. येसूआईची लेक रेवा लग्नाची होती आणि तिचे हात बोडके होते. येसूआईने पाटल्यांकडे पाहिलं आणि शेवटची रेघ ओढली. कुणी तिचा हात धरून ओढून घेतली नव्हती, तिनेच ओढली!

त्या दिवसापासून राज्यात मूल जन्मेना. बायकांना दहावा महिना लागला, अकरावा लागला, वर्ष उलटलं तरी कुणी सुटेना. गोठ्यात गाई तिष्ठत राहिल्या. राजाला काय त्याचं? त्याला आता गाढ झोप लागत होती.

त्या पाटल्या घालून रेवाचं लग्न झालं, तिलाही दिवस गेले. तिला बारावा लागला, तेव्हा अंगणात साळुंकी उतरली आणि म्हणाली, "येसूआई, तीन कामं आहेत. पाटल्या विहिरीत टाक आणि मागोमाग उडी घे, पाणी तुला कोटाच्या मध्यावर नेईल. तिथून सातही फेरे चालत ये आणि मागे वळू नकोस. ज्या बोटाने तोंड मिटवलंस त्याच बोटाने ते पूस. बोट मरेल."

"मागे कोण असेल?"

"हाक येईल, आणि ती खोटी नसेल. वळलीस तर अडलेल्या सगळ्याच बायका जातील."

रेवाचे हात सुजले होते. तेल लावून लावून पाटल्या काढल्या, तेव्हा ती कळवळली. "आई, तू नको ना जाऊस. दुसऱ्या कुणाला तरी पाठव."

"हे दुसऱ्या कुणाचं काम नाही गं, बाळे."

पाण्याने तिला मध्यावर नेलं. खजिन्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. सहा फेरे ती चालली. सातव्यात मागून रेवाचा आवाज आला, "आई, एकदा बघ ना माझ्याकडे. मी निघाले."

येसूआई थांबली. तिने पदर तोंडात कोंबला आणि पुढचं पाऊल टाकलं. आणखी दोनदा हाक आली, मग आली नाही.

मिटलेल्या तोंडाशी पोहोचून तिने दगडावर बोट ओढलं. दगड चुन्यासारखा पुसला गेला आणि बोट काळं पडलं. त्याच क्षणी घराघरांतून तान्ह्या बाळांचं रडणं उठलं, गाई व्याल्या.

येसूआई घरी पोहोचली. अंथरुणात नुकती जन्मलेली नात रडत होती. रेवाचे बोडके हात थंड पडले होते. सुईण म्हणाली, "शेवटपर्यंत तुमच्याच नावाने हाका मारत होती हो."

राज्याची घडी बसली. कोटाच्या दारावर राजाने शिळा लावली: प्रजेसाठी हे द्वार श्रीभद्रसेन महाराजांनी उघडलं. आणि येसूआईला निरोप धाडला की चोर शिरतील, तेव्हा तोंड जरा अरुंद करून दे. तिने काळं बोट दूताच्या नाकासमोर धरलं. "महाराजांना सांग, मेलं ते."

नात सात वर्षांची झाली, तेव्हा शेजारची बाई अडली. येसूआईने ताट नातीपुढे ठेवलं आणि तोंडाने सांगत गेली. उभी रेघ, आडवी रेघ, कोन, ठिपके, कमानी. पोरीचा हात आजीहून सफाईदार होता.

"आजी, खाली एवढंसं उघडं राहिलं की! मिटवू?"

येसूआईने फाडकन तिच्या हातावर चापट मारली. पोर भेदरली. मग तोच हात येसूआईने आपल्या छातीशी घट्ट धरला.

"मी एकदा मिटवलं होतं," ती म्हणाली. "म्हणून तुला आई नाही."

पोरीने डोळे पुसले, ताट तसंच उघड्या तोंडाचं उचललं आणि शेजारी घेऊन गेली.