ओरलायचा कोरडा पट्टा

वेळ सकाळी आठची, महिना ऑक्टोबर. ठिकाण जर्मनीत मोझेल नदीच्या काठी, नेलिष गावावरचा ओरलाय नावाचा उभा चढ. नदीवरून उठलेले धुके चढाच्या कमरेपर्यंत आलेले असते. लिहायच्या पाटीच्या काळ्या दगडाची जमीन दवाने चिंब असते, द्राक्षाचे वेल चिंब असतात, बांधाच्या भिंतीही. फक्त सर्वांत वरच्या बांधामागे, दहा-बारा माणसे खांद्याला खांदा लावून उभी राहतील एवढा एक पट्टा कोरडा असतो. हात फिरवला तर बोटांना धूळ लागते.

ओर म्हणजे कान आणि लाय म्हणजे पाटीचा कडा. नदीत फिरणाऱ्या बोटीवर प्रवाशांना सांगतात की या कड्याचा आकार कानासारखा आहे. इथल्या महागड्या रीसलिंग वाइनच्या बाटलीवर सोनेरी कान छापलेला असतो. कड्याला असा कोणताही आकार नाही. नदीकडून पाहा, गावाकडून पाहा, कान दिसत नाही. तो दिसावा म्हणून कित्येक वर्षे चांगला पैसा खर्च होतो आहे, कारण नावामागचे खरे कारण बाटलीवर छापण्यासारखे नाही.

ते कारण सांगतात गावातल्या म्हाताऱ्या ॲग्नेस थुल. आयुष्य याच चढावर वेली बांधण्यात गेले. आता गुडघे दुखतात, तरी पाहुणे आले की त्यांना काठी टेकत वरच्या बांधापर्यंत नेतात. मागच्या हंगामात दिंडोरीकडचे काही द्राक्ष बागायतदार आले होते. त्यांच्यातले दामोदर पिंगळे कोरड्या पट्ट्यावर उकिडवे बसून म्हणाले, "आजी, भिंतीला दिवसाची ऊब असेल, म्हणून दव धरत नसेल."

"भिंत तर इथून तिथपर्यंत एकच आहे," ॲग्नेस म्हणाल्या. "मग ऊब एवढ्याच जागेवर का बसलीय, बाबा?"

आणि त्यांनी वेल्टनची हकिकत सुरू केली.

चार-साडेचार शतकांपूर्वीची गोष्ट, असे सांगतात. चढ गावाचा होता, पण हुकूम डोंगरामागच्या मठाचा. चढावर दोन जातींची पांढरी द्राक्षे होती. मठाच्या टप्प्यांवर रीसलिंग. ते उशिरा पिकते, थंडी सोसते, आणि त्याची वाइन सरदारांच्या मेजावर जाते. गावाच्या टप्प्यांवर एल्बलिंग. घड भरघोस, साल पातळ, चव आंबट. ते लवकर तयार होते आणि पावसात फुटते. गावाचे वर्ष या एल्बलिंगवर चालायचे. मठाचा कारभारी डीट्रिष त्याला गुरांचे पाणी म्हणायचा. ते उपटून तिथे रीसलिंग लावावे, असे त्याने गावाला अनेकदा बजावले होते, आणि गाव दर वेळी मान हलवून घरी जात होते.

काढणीआधी चढ बंद होई. काटेरी फांद्यांचे कुंपण, एकच फाटक, आणि आत गवताच्या खोपटात राखणदार. चर्चची घंटा वाजेपर्यंत स्वतःच्या वेलीचा मणीसुद्धा कोणी तोडायचा नाही. घंटा वाजली की लोक करंड्या घेऊन फाटकाशी जमायचे आणि विचारायचे, "ऐकलीस?" राखणदार म्हणायचा, "ऐकली." त्या एका शब्दावर फाटक उघडायचे. त्याने न ऐकता उघडले, तर शिक्षा ठरलेली होती. त्याचे कान कापायचे.

वेल्टन हा तो राखणदार. गावचाच माणूस, पण भाकरी मठाची. खुळखुळा वाजवून पाखरे हाकलायची आणि शेजाऱ्यांना आत येऊ द्यायचे नाही, हे त्याचे काम. त्याची बायको ग्रेट त्याला हसायची, पाखरे तरी तुझे ऐकत नाहीत म्हणायची.

घंटाघराला एकच किल्ली होती आणि ती डीट्रिषच्या कमरेला असे. तो घंटा वाजवायचा रीसलिंग पिकल्यावर. तोवर गावाचे एल्बलिंग फुटून सडलेले असे. त्या वर्षी पाऊस लागला, मणी तडकू लागले, गांधीलमाश्या घडांवर बसल्या. गावातली माणसे मठात जाऊन हात जोडून उभी राहिली. म्हातारी उर्सेल तिथेच म्हणाली, "तुमच्या पोराला मिसरूड फुटेपर्यंत आमच्या पोरीनं म्हातारी व्हायचं का?" मठाधिपतींना हसू आले. डीट्रिषला आले नाही. वेळ झाली की घंटा वाजेल, असे सांगून त्यांना परत पाठवले.

वेल्टन खोपटातून रोज घड पाहत होता. एल्बलिंगच्या एका टप्प्यावर त्याच्या घरचेही वेल होते. घडाखाली हात धरला की रस तळव्यावर ठिबकायचा. तोडता येत नव्हते. तो तळवा विजारीला पुसायचा आणि पुन्हा खुळखुळा वाजवायचा.

मग पाऊस थांबला, आभाळ निवळले, रात्री जड दव पडले, आणि पहाटे धुक्यातून घंटा वाजली. एकदा नाही, काढणीची वाजते तशी, थांबून थांबून. वेल्टन खोपटाबाहेर आला तेव्हा शेवटचा टोल अजून हवेत होता. गावातून दारे उघडल्याचा आवाज आला, कोणीतरी मोठ्याने हसले. माणसे करंड्या पाठीला लावून धावत वर आली. फाटकाशी सर्वांत पुढे ग्रेट होती. तिला धाप लागली होती.

"ऐकलीस?" तिने विचारले.

"ऐकली," वेल्टन म्हणाला, आणि त्याने काटे बाजूला ओढले.

पहिल्या करंड्या भरत होत्या तेवढ्यात वरून मठाचे भालाईत शिपाई आले. उभ्या चढावर वरच्या माणसाला भाला फेकावाही लागत नाही, नुसता खाली टेकवावा लागतो. उर्सेल वेलीच्या खुंटाला धरून उभी होती, तिच्या पाठीतून आलेले टोक खुंटात रुतले आणि ती उभीच राहिली. लोकांच्या हातात वेल कापायचे वाकडे विळे होते. त्यांनी ते चालवले. एका भालाइताची मांडी सांध्यापर्यंत उघडली, दुसऱ्याला दोघांनी बांधावरून ओढून खाली दगडांवर आपटले. पण निसटत्या पाटीवर पाय ठरत नव्हते. माणसे एका टप्प्यावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर पडत गेली आणि जी पडल्यावर हलली, ती खालच्या टप्प्यावर मारली गेली. करंड्या उलटल्या. रक्त आणि रस एकाच पन्हळीतून नदीकडे वाहू लागले. गांधीलमाश्या दोन्हीवर बसल्या, म्हणे.

ग्रेट वरच्या बांधाच्या कोपऱ्यात, खांदा फुटलेला, जिवंत होती. वेल्टन तिच्याकडे वर चढत गेला तेव्हा तो भालाईत उभे होते त्या जागी पोचला. सगळी जमीन दवाने काळी झाली होती. त्यांच्या जागेची पाटी करडी होती, कोरडी. तो पाहतच राहिला. तिथेच त्याला धरले.

डीट्रिष घोड्यावरून आला. जिवंत राहिलेल्यांना त्याने एका टप्प्यावर बसवले आणि वेल्टनला पुढे घेतले. आवाज मऊ होता. घंटा वाजलीच नाही, तो म्हणाला. धुक्यात कान वाजतात, वारा घुमतो, राखणदार झोपेत असतो. नाही ऐकली एवढे म्हण, मी तुला सोडतो. ही माणसे चोर ठरतील आणि चोरांची जमीन मठाकडे येईल, बाकी काही होणार नाही. बोलताना तो खोगीरावरून वाकला होता. किल्ली त्याच्या कमरेला हेलकावत होती.

वेल्टनने सगळ्यांकडे पाहिले. नाही म्हटले तर तो घरी जाणार होता आणि मेलेले चोर ठरणार होते. हो म्हटले तर मेलेले काढणीला आलेली माणसे होती आणि हा खून होता.

"ऐकली," तो म्हणाला.

त्याचा उजवा कान कापला. डीट्रिषने पुन्हा विचारले. वेल्टनची मान रक्ताने भिजली होती. "ऐकली," तो म्हणाला. डावा कान कापला. दोन्ही बाजूंनी आत रक्त भरले, आता त्याला फक्त ओठ हलताना दिसले. प्रश्न काय असणार, हे ठाऊक होते. "ऐकली," तो ओरडला. आपण ओरडतो आहोत हे त्याचे त्यालाच कळत नव्हते. त्यांनी त्याला कड्यावरून खाली लोटले.

तो खाली आपटल्याचा आवाज आला आणि मग बसवलेल्यांतून ग्रेट म्हणाली, "मीही ऐकली." तिच्या शेजारचा म्हणाला, मीही. त्याच्यामागून प्रत्येक जण. डीट्रिषने भालाइतांकडे पाहिले, चढाकडे पाहिले. रीसलिंग पिकायचे होते. एवढ्या सगळ्यांना मारले असते तर ते तोडायला कोणी उरले नसते. त्याने घोडा वळवला. दया नव्हती ती, मजुरांची गरज होती. हे ॲग्नेस दर वेळी स्पष्ट सांगतात.

जमीन मात्र मठाने घेतलीच. एल्बलिंग उपटून रीसलिंग लावले आणि त्याच रीसलिंगने ओरलायचे नाव दूरवर गेले. फक्त ज्या टप्प्यावर कान कापले, तिथे रीसलिंग जगले नाही, असे सांगतात. पुन्हा पुन्हा लावले, वाळले, आणि जुन्या मुळांतून एल्बलिंगच फुटले. ती एक ओळ अजून उभी आहे. तिचे घड कोणी विकत नाही.

नेलिषमध्ये आजही काढणीसाठी घंटा वाजवत नाहीत. गावाने तिचा आतला लोलकच काढून ठेवला आहे. काढणीच्या सकाळी एक जण दारोदार फिरतो आणि विचारतो, "ऐकलीस?" घरातले लहानमोठे सगळे उंबऱ्याशी येतात आणि म्हणतात, "ऐकली." मगच करंड्या बाहेर पडतात. नवी सून असो की हंगामाला आलेला परदेशी मजूर, उत्तर दिल्याशिवाय कोणी चढ चढत नाही.

पिंगळे अजून त्या पट्ट्यापाशीच बसले होते. त्यांनी विचारले, "पण आजी, घंटा वाजवली कोणी?"

"आम्हाला काय विचारता?" ॲग्नेस म्हणाल्या. "आम्ही आमचं उत्तर दरवर्षी देतो."

मग त्यांनी काठीचे टोक कोरड्या पाटीवर ठेवले आणि ओल्या पाटीपर्यंत हळूहळू ओढत नेले. दव रात्री पडले. घंटा पहाटे वाजली. माणसे घंटेनंतर आली. भालाईत मात्र दव पडण्याआधीपासून इथे उभे होते. त्यांना कोणी उभे केले आणि कशाची वाट पाहायला सांगितली, हे मठाने तेव्हा सांगितले नाही आणि त्यानंतर आजवर कोणीही सांगितलेले नाही.